पानं घेतली, सांग त्यांना

भांडण झालं वरच्या मजल्यावर, पण ऐकलं अख्ख्या अंगणाने. जिन्याच्या खालच्या पायरीवर एक शेजारीण शेंगा सोलत बसली होती, तिला तर शब्दन्‌शब्द ऐकू आला. मला ऐकायचं नव्हतं गं, असं ती पुढे कितीतरी वर्षं सांगायची. मग सूप उचलून आत का गेली नाहीस, हे तिला कुणी विचारलं नाही. कारण विचारणाऱ्यांनाही पुढचं ऐकायचं असायचं.

"मला का नाही बोलावलंस?" हा आवाज सुतारकाकांचा. ओरडत नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सासूबाईच नको म्हणाल्या. म्हणाल्या, त्याच्या हातात काम आहे, ते पुरं होऊ दे."

"आई माझी होती."

"म्हणून तर त्यांचं ऐकलं."

"मी खाली अंगणात रंधा मारत बसलो होतो. नुसती हाक मारली असतीस."

शेजारणीच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"यापुढे मला काही सांगू नकोस."

"नाही सांगणार."

रागाच्या भरात माणसं काय वाटेल ते बोलतात. संध्याकाळी दूध उतू जातं, दोघं मिळून फडकं शोधतात आणि बोललेलं विसरून जातात. पण वेतवाल्या काकूंचा स्वभाव त्यांच्या विणीसारखा. वेत ओला असतो तोवर बोटाभोवती गुंडाळा. एकदा वाळून ताणला की वर कितीही वजनदार माणूस बसू दे, ढिम्म. नाही सांगणार म्हणाल्या, आणि नाही सांगितलं. काकाही त्याच लाकडाचे. त्या घरातून आधी म्हातारी गेली, आणि तिच्या मागोमाग 'अहो' गेलं आणि 'अगं' गेलं.

धंदा मात्र बंद पडला नाही, कारण त्याला बोलणं लागतच नव्हतं. अंगणाच्या एका बाजूला काकांचं वर्कशॉप. तिथे ते खुर्च्यांच्या चौकटी करायचे, मोडक्या जोडायचे, सरस लावून दाबून ठेवायचे. तयार चौकट जिन्याच्या वळणावर आणून ठेवली की त्यांचं काम संपलं. वर गॅलरीत काकू बसायच्या, शेजारी पाण्याची घागर, पाण्यात वेताच्या पट्ट्या भिजत. चौकटीच्या भोकाभोकातून पट्टी उभी ओढायची, आडवी ओढायची, मग दोन्हीकडून तिरपी, आणि सुटू नये म्हणून प्रत्येक भोकात लाकडी खुंटी ठोकायची. बैठक विणून झाली की खुर्ची पुन्हा वळणावर. पोचवायला हातगाडी घेऊन काकूच जायच्या. काकांना गिऱ्हाइकाशी बोलता येत नसे. बायकोशीच बोलत नाही तो गिऱ्हाइकाशी काय बोलणार, असं अंगणातले लोक म्हणायचे, पण हळू.

अशा त्या मुक्या घरात एक पिल्लू आलं. हातगाडीच्या मागे मागे रस्ताभर चालत आलं आणि जिना चढून, जणू भाडं भरलेलं आहे, असं उंबऱ्यावर बसलं. लेक तेव्हा शाळेत जात होती, ती नाचायला लागली. काकांनी पिल्लाकडे पाहिलं, आपल्या ताटातला घास त्याच्यापुढे टाकला आणि त्यालाच म्हणाले, "हिला विचार, दूध आहे का."

काकूंनी पिल्लाला सांगितलं, "त्यांना सांग, आहे. आणि ताटातलं टाकू नका म्हणावं, फरशी मी पुसते."

झालं. वाट मोकळी झाली. शब्द पाळायचा तर दोघांनीही पाळला, कारण एकमेकांना कुणीच काही सांगत नव्हतं. सांगत होते ते कुत्र्याला. त्याचं नाव मुकादम पडलं, कारण तो गाडीवर सगळ्यांत वरच्या खुर्चीत बसून जायचा आणि स्वतः काडी इकडची तिकडे न करता रस्त्यातल्या प्रत्येकाच्या कामावर नजर ठेवायचा. "मुकादम, आज मीठ रजेवर गेलंय का?" "मुकादम, ज्यांना मीठ कमी लागतं त्यांचे हात मोडलेत का, डबा समोर आहे." लेकीचं शिक्षण, लेकीचं लग्न, गळकं छप्पर, सगळं त्याच्या कानावरून गेलं. असा कारभार कुठल्या माणसाला झेपला नसता.

आणि संध्याकाळचं त्याचं ठरलेलं काम. काकू ताटं मांडायच्या आणि म्हणायच्या, "पानं घेतली, सांग त्यांना." मुकादम उठायचा, नखं वाजवत जिना उतरायचा, अंगण ओलांडून वर्कशॉपच्या दारात उभा राहायचा. काका पटाशी खाली ठेवायचे. "आलो, चला." मग दोघं वर. काकूंना आत बसून सगळं ऐकू यायचं: जाताना नखांची टकटक, येताना नखांची टकटक आणि मागून चपला. त्या आवाजावर त्यांची वाढणी ठरलेली असायची.

म्हणून मनात पाल चुकचुकली तीही पहिल्यांदा त्या आवाजावरच.

एका संध्याकाळी उतरताना टकटक मधेच थांबली. जिन्याच्या वळणावर, जिथे म्हातारीसाठी काकांनी कधीकाळी कठडा बसवला होता, तिथेच. काकूंच्या हातात वाढायचा डाव होता. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग खाली पुन्हा नख वाजलं, आणि त्यांनी स्वतःला समजावलं की म्हातारं झालंय, थांबत असेल श्वास घ्यायला.

म्हातारं तर झालंच होतं. तोंड पिठात बुडवल्यासारखं पांढरं. एका डोळ्यावर दुधी पडदा. मागचे पाय पुढच्यांचं ऐकेनासे झाले होते. आणि पोटाशी हात फिरवताना काकूंच्या बोटांना काहीतरी लागलं. वेतातली गाठ त्यांच्या बोटांना न बघता कळायची, हीसुद्धा कळली.

दुसऱ्या दिवशी एक स्टूल पोचवायचं होतं, त्याच फेरीत त्यांनी मुकादमाला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दवाखाना चढावरच्या रस्त्याला, एकच खोली, मधे पत्र्याचं टेबल, भिंतीवर दात दाखवणाऱ्या मांजराचं चित्र. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण पोट दाबून बघताना त्यांचा चेहरा म्हातारा झाला.

"कापण्यात अर्थ नाही, मावशी. त्याला सोसणार नाही. दुखणं कमी करायचं औषध देते. बाकी, थोडे दिवस आहेत, आणि ते चांगले असतील तोवर असू द्यायचे."

"आणि नंतर?"

"नंतर माझ्याकडे आणायचं. एक सुई. झोप लागते, आणि झोपेतच जातं."

"पण कळायचं कसं, की आता आणायचं?"

डॉक्टरीणबाईंनी हात धुतले. "प्रत्येक जनावर एखादं काम आपलं म्हणून धरतं. कुणी दारावर भुंकतं, कुणी पोरांना कोपऱ्यापर्यंत सोडायला जातं. ते काम त्याने आपणहून टाकलं की समजायचं. आणि मग थांबायचं नाही. त्यानंतर तुम्ही जो दिवस थांबाल तो त्याचा नसतो, तुमचा असतो. याचं काम काय?"

काकू गोंधळल्या. हा आमच्या घरात बोलतो, असं कसं सांगणार? "संध्याकाळी जेवायला बोलावतो," त्या म्हणाल्या.

घरी आल्या तेव्हा काका वळणावर चौकट ठेवत होते. बाजूला होऊन त्यांनी वाट दिली. काकूंनी तोंड उघडलं. सवयीने खाली बघून म्हणाल्या, "मुकादम, सांग त्यांना..." आणि पुढे शब्द येईना. ज्याचं मरण, त्याच्याच हाती निरोप कसा द्यायचा? मुकादम मान वर करून बघत होता. सांगा की, मी आहे ना, असं त्याचं तोंड. "सांग त्यांना, स्टूल पोचलं," काकू म्हणाल्या.

दुपारी लेकीचा फोन आला. ती लांब राहते, आणि आईला वेगळा आणि बापाला वेगळा असे दोन फोन करते. माझा पगार टपाल खात्याने द्यायला हवा, असं ती नेहमी म्हणायची. काकूंनी तिला गाठीचं सांगितलं. लेक रडली, नाक ओढलं, आणि मग विचारलं, "बाबांना माहितीय?"

"माझ्याकडून नाही."

"अगं आई."

"त्यांच्या हातात मोठं काम आहे. दवाखान्यातला बाक मोडलाय, शिवाय ती डझनभर खुर्च्यांची ऑर्डर. ते पुरं होऊ दे. मग बघू."

"आजीच्या वेळीही हेच म्हणाली होतीस," लेक म्हणाली. "या वेळीही ते खालीच राहिले ना, तर पुढे तुम्हाला बोलायला कुत्रंसुद्धा नसेल."

काकूंनी फोन ठेवला आणि वेताला बसल्या. त्या दिवशी त्यांनी दोनदा चुकीच्या भोकात पट्टी घातली आणि दोनदा उसवली.

पुढे एका संध्याकाळी त्यांनी ताटं मांडली, म्हणाल्या, "पानं घेतली, सांग त्यांना," आणि मुकादम उठला नाही.

शेपूट दोनदा जमिनीवर आपटलं. कान हलले. ऐकू गेलं होतं, कळलंही होतं. पण तो उठला नाही. काकूंनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. भाजी निवत होती. खाली वर्कशॉपमध्ये रंध्याचा आवाज थांबला होता. म्हणजे तिकडे वाट बघणं सुरू झालं होतं.

आजचा दिवस, असं म्हणत काकूंनी खाली वाकून त्याला उचललं. केवढा हलका झाला होता. भिंतीला अंग घासत जिना उतरल्या, अंगणात जिन्याच्या सावलीत त्याला चार पायांवर उभं केलं आणि मागून हलकेच ढकललं. मुकादम जरा झुलला. मग समोर दाराचा उजेड दिसला, ओळखीचा, आणि तो आपला आपण चालायला लागला. काकू अनवाणी वर पळाल्या आणि डाव हातात घेऊन अशा बसल्या की जणू सकाळपासून तिथेच आहेत.

आणि तेवढ्यात दाराबाहेर शेवटच्या पायरीवर नखं वाजली. टकटक. मुकादम आत आला, मागून काका.

जिना चढला, काकूंना वाटलं. उतरायचा आळस करतो, पण चढतो तर आहे. ज्याला जिना चढता येतो त्याने काम टाकलं असं कसं म्हणायचं? त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी काकांना वाढताना हात जरा सैल सोडला.

मग ते रोजचंच झालं. रोज त्या त्याला खाली न्यायच्या, रोज तो वर यायचा, आणि रोज त्या स्वतःला सांगायच्या, चढतोय ना. उतरताना तो आता अंग चोरायचा. एका संध्याकाळी पोटाखाली हात घातल्याबरोबर गुरगुरला. सगळ्या आयुष्यात त्याने घरच्यांवर दात काढले नव्हते. काकू म्हणाल्या, "माझ्यावर?" आणि तरी उचललं, तेव्हा त्याने चावा घेतला. फार नाही. चावल्यावर लगेच तीच जागा चाटायला लागला.

त्यांनी तळहाताला चिंधी बांधली. जेवताना काका चिंधीकडे बघतायत हे त्यांच्या लक्षात आलं.

"मुकादम," त्या म्हणाल्या, "वेताची पट्टी फार धारदार आली आहे या वेळी."

काकांनी मान हलवली. त्यांच्याही मनगटाला पट्टी होती. "मुकादम," ते पाण्याच्या भांड्याकडे बघत म्हणाले, "पटाशीला नवी धार लावलीय, सांग."

मुकादम ताटांपासून लांब, भिंतीकडे तोंड करून पडला होता. पूर्वी तो दोघांच्या बरोबर मधे बसायचा. त्याने कुणालाच काही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी घरात अशी शांतता होती, जशी खुर्चीचा पाय मोडण्याआधी असते. आधी नुसतं बारीक कर्र होतं, आणि बसणाऱ्याला वाटतं आपल्याला भास झाला.

औषध संपलं तशा काकू एकट्याच दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई बाटली भरून देत म्हणाल्या, "बरं चाललंय म्हणायचं. तुमचे हे सांगत होते."

"हे?" काकूंना आधी समजलंच नाही कोण हे. "हे कधी आले होते?"

"बाक जोडायला. तेव्हा मीच विषय काढला, मला वाटलं तुमचं घरी बोलणं झालंच असेल. तुम्हाला सांगितलं तेच त्यांनाही सांगितलं. मग परवा पुन्हा आले, मनगटाला लागलं होतं. विचारत होते, वर चढायचं त्याला जमत नाही, रोज मी उचलून नेतो आणि शेवटच्या पायरीवर ठेवतो, म्हणजे काम टाकलं असं होतं का? मी म्हटलं, बोलवायला खाली आपला आपण येतो ना? ते म्हणाले, येतो, एकही संध्याकाळ चुकला नाही. मग म्हटलं, नाही, अजून नाही टाकलं." बाटलीचं बूच लावता लावता त्यांनी वर पाहिलं. "का हो मावशी? येतो ना?"

काकूंनी बाटली घेतली. "येतो," त्या म्हणाल्या.

उतारावर त्यांना पाय कुठे पडतायत कळत नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं असतात. इथे दोघं एकाच ताकाला गेले होते आणि एकमेकांपासून भांडी लपवत होते. चढतोय ना, म्हणून या निश्चिंत. उतरतोय ना, म्हणून ते निश्चिंत. आणि तो जीव ना चढत होता ना उतरत होता. रोज संध्याकाळी दोघांच्या हातून एकदा खाली आणि एकदा वर, दुखऱ्या पोटावर दाब घेऊन, आणि चावलं तरी कुणाला समजत नव्हतं. काम त्याने केव्हाच टाकलं होतं. जितके दिवस थांबले तितके सगळे यांचे होते.

घरी येऊन त्यांनी स्वयंपाक केला. हात आपोआप चालत होते. वेळ झाली तशी ताटं मांडली. ताट जमिनीला लागल्याचा आवाज झाला आणि त्यांनी मुकादमाकडे बघितलं. इतके दिवस त्या फक्त वाकायच्या आणि उचलायच्या. आज पहिल्यांदा बघितलं. ताटाच्या आवाजासरशी तो आक्रसला होता. मान खाली, कान मागे, ओठ थरथरून दात दिसायला लागलेले, आणि एका चांगल्या डोळ्यात भीती. जो आवाज ऐकून जन्मभर धावला, त्याच आवाजाला तो आता घाबरत होता.

"नको रे," काकू म्हणाल्या. "आज तू बस. मी जाते."

एवढ्या वर्षांत जेवायला बोलवायला त्या जिना उतरल्या नव्हत्या. अंगण नेहमीएवढंच होतं, तरी संपता संपेना. वर्कशॉपच्या दारातून उजेड पडला होता. काका काम करत नव्हते. भुश्शात पाय ठेवून, दाराकडे तोंड करून बसले होते, आणि मांडीवर एक मऊ पोतं घडी घालून ठेवलं होतं, उचलून नेताना कुत्र्याच्या पोटाखाली घालायचं. पावलांचा आवाज आला तसं त्यांनी आधी खाली बघितलं, कुत्रं दिसतं तेवढ्या उंचीवर. तिथे काकूंचे पाय होते. मग हळूहळू नजर वर आली.

"अहो," काकू म्हणाल्या. शब्द कोरडा होता, न भिजवता वाकवलेल्या वेतासारखा. "तो येत नाही. बरेच दिवस झाले. मीच त्याला खाली आणून सोडत होते."

काकांनी पोत्याची घडी मोडली, पुन्हा घातली.

"मी वर नेत होतो," ते म्हणाले.

"समजलं मला. डॉक्टरीणबाई बोलल्या."

त्यांनी काकूंच्या तळहाताकडे बघितलं. काकूंनी त्यांच्या मनगटाकडे. कुणाची जखम वेताची नव्हती आणि कुणाची पटाशीची नव्हती, हे आता बोलायची गरज नव्हती.

मग काकांचा चेहरा बदलला. आधी त्यांचे हात थांबले, मग मान ताठ झाली. ते वाक्य येणार हे काकूंना आधीच समजलं होतं, जसं जिन्यावर नख थांबलं तेव्हा समजलं होतं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

वरच्या कुणाच्या तरी खिडकीत भांड्यांचा आवाज चालला होता, तो बंद पडला. शेंगा सोलणारी शेजारीण म्हातारी झाली होती, पण कान शाबूत होते. काकूंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तुम्हीच म्हणाला होता सांगू नकोस. इतकी वर्षं मुरलेलं, धार लावून ठेवलेलं उत्तर. एकदा काढलं की पुन्हा जोडता येणार नाही असं काहीतरी तुटलं असतं. त्यांनी ते गिळलं.

"आता सांगते आहे," त्या म्हणाल्या. "अजून तो आहे."

काका मग उठले, हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले.

"उद्या?"

"उद्या सकाळी. दवाखाना उघडला की."

"मी येऊ?"

"विचारताय काय."

दोघं जिना चढले. नखांचा आवाज नव्हता, नुसत्या चपला. जेवण निवलं होतं. काका दोन घास गिळून म्हणाले, "मुकादम, सांग हिला..." आणि थांबले. मुकादम भिंतीशी डोळे मिटून पडला होता, पोट भरभर वरखाली होत होतं. त्यांनी मान वर केली. "मीठ दे," ते काकूंना म्हणाले. काकूंनी डबा सरकवला. मीठ कमी नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

सकाळी वळणावर एक आरामखुर्ची तयार होती, रिटायर झालेल्या हेडमास्तरीणबाईंची. त्यांचं घर चढाच्या अलीकडे, दवाखान्याच्या वाटेवरच, आणि दवाखाना उघडायला अवकाश होता. काकांनी खुर्ची गाडीवर चढवली, त्यावर पोतं अंथरलं, आणि मुकादमाला असं उचललं की त्याला उचलल्याचं समजूही नये. तो गुरगुरला नाही. त्यानेच काकूंच्या मनातली पाल पुन्हा चुकचुकली. गुरगुरला असता तर बरं झालं असतं.

"मी पुढे होतो," काका म्हणाले. गाडीबरोबर चालणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. अंगणातून गेले तेव्हा त्यांनी मागे वळून बघितलं नाही, पण फाटक मात्र गाडी निघेल एवढं उघडं ठेवून गेले.

काकूंनी गाडी ढकलली. रस्ता रोजचा. न्हाव्याच्या दुकानात खुर्ची पुसणं चाललं होतं. सायकलवाला हवा भरत होता, गाडी बघून ओरडला, "काय मुकादम, कामं बरोबर चाललीत ना आमची?" मुकादम वरून बघत होता. दुधी डोळा आणि चांगला डोळा दोन्ही उघडे. नाक हलत होतं, एकेक दुकान ओळखून मागे टाकत होतं. खड्डा आला तिथे काकूंनी गाडी जरा बाजूने घेतली. बाकी सगळं नेहमीसारखं.

हेडमास्तरीणबाई दारातच उभ्या होत्या, जशा नेहमी असायच्या. काकूंनी मुकादमाला पोत्यासकट उचलून गाडीच्या फळीवर ठेवलं आणि खुर्ची उतरवली. बाईंनी चष्मा नाकावर चढवला, बैठकीवर अंगठा दाबून बघितला.

"सैल वाटतेय हो."

"बसा तर खरं, बाई."

बाई बसल्या. वेत कर्र वाजला आणि थांबला. "बरी आहे," त्या म्हणाल्या, जसं नेहमी म्हणायच्या. मग गाडीकडे बघून म्हणाल्या, "आज उतरला नाही तो? नाहीतर माझ्या आधी खुर्चीवर असतो."

"थकलाय," काकू म्हणाल्या. "येते."

कोपऱ्यावर रस्ता फुटतो. खाली घर, वर चढ. मुकादमाने सवयीने खाली तोंड केलं. काकूंनी गाडी वर वळवली आणि दोन्ही हातांनी जोर लावला. रिकामी गाडी एरवी पोरासारखी पळते. आज ती सागवानाने भरल्यासारखी जड होती. तरी चढवली.

दवाखान्याचं शटर अर्धं वर गेलं होतं. बाहेर पायरीवर काका उभे होते, हात कुठे ठेवावे ते न समजून, नव्या जोडलेल्या बाकाला उगाच हलवून बघत. गाडी दिसली तसे ते दोन पावलं पुढे आले आणि तिथेच थांबले.

चढावर गाडी मागे सरकायला लागली. काकूंनी ती अंगाने रेटून धरली.

"अहो," त्या म्हणाल्या, "चाकाला दगड लावा."